फोटोतून पुसलेला हात

ता. ९ जानेवारी

माझा हात पुसून टाकलाय. सख्ख्या नातीनं, माझ्यासमोर, मीच केलेला चहा पीत पीत. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत अख्खा हात गायब, आणि वर मलाच विचारते, आजी, बघ, काही कळतंय का? नाही कळत बाई. तेच तर दुखणं आहे.

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. आपण दोघी अजून पत्रं लिहितो म्हणून इथे सगळे हसतात. हसू देत. फोनवर तू नुसती हो हो करतेस आणि मला एका कानानं ऐकू येत नाही, म्हणजे दोघी मिळून एक वाक्यसुद्धा धड होत नाही. कागदावर निदान तुला मला मध्येच तोडता येत नाही.

तर हाताचं सांगते. नातीचा धंदा तुला ठाऊकच आहे, नुकत्या जन्मलेल्या बाळांचे फोटो काढते. घराची मागची खोली तिनं त्यासाठी घेतलीय. मधोमध एक भली मोठी गोल गादी, कोपऱ्यात हीटर, भिंतीला टोपल्या आणि कपाटभर लोकरीच्या इवल्या टोप्या. तिच्या हाताखालची पोरगी दुसरीकडे नोकरीला गेली, तेव्हा नात म्हणाली, आजी, बाळापाशी तू बसशील का? मला वाटलं, आता कुठे घरात आपली कदर झाली. कदर कसली, तिला एक उशी हवी होती, जिला हात असतील. माझं काम म्हणजे बाळाजवळ बसायचं आणि त्याच्यावरचा हात काढायचा नाही. संपलं. खिडकीबाहेर बघायचं नाही, नाक खाजवायचं नाही, दाराची घंटा वाजली तर वाजू द्यायची. कॅमेरा तिच्या हातात, बाळ माझ्या हातात, आणि दोघींपैकी कुणीही दुसरीचं काम करायला जायचं नाही.

त्याआधी माझी तपासणी झाली ती वेगळीच. नखं कापली. हात कोपरापर्यंत धुवायला लावले. अंगठी काढ म्हणाली. तुझ्या भावोजींनी घातली तेव्हापासून ती निघाली नव्हती, ते गेले तरी निघाली नव्हती, ती साबणाच्या फेसानं सुळकन निघाली. मी म्हटलं, तुझ्या आईला मी वाढवलं तेव्हा माझी नखं कुणी बघितली नव्हती. तर म्हणते, म्हणूनच आई अजून पोटाच्या तक्रारी करते. उत्तर द्यायला हिला कुणी शिकवलं कुणास ठाऊक. माझ्यावर गेली असेल.

पहिल्याच दिवशी मी एका बाळावर वरून आणखी एक पांघरूण घातलं, हीटर जवळ ओढला आणि काम चोख झालं म्हणून बसले. नातीनं बाळाच्या मानेमागे बोट लावलं, घाम बघितला, पांघरूण काढलं, हीटर होता तिथे ढकलला आणि मला म्हणाली, आजी, आपल्याला बाळाचा फोटो काढायचाय, ते भाजायचं नाहीये. बाळाची आई समोर बसलेली! माझं तोंड असं झालं की फोटो माझाच काढावा.

आता तो फोटो. बेकरीवाल्याचं बाळ आहे, त्याच्या आईला विचारून तुला पाठवतेय. दोन्ही कोपरं टेकवून, तळहातांवर हनुवटी ठेवून, डोळे मिटून कसं ऐटीत बसलंय बघ. जसा काही पेन्शनचा कारकून. हा फोटो एक नाही, दोन आहेत. एकदा मी वरून डोकं बोटांनी तोलून धरलं, तेव्हा तिनं एक काढला. मग मी त्याची मनगटं धरली, तेव्हा दुसरा. मग कॉम्प्युटरवर इथलं डोकं, तिथली मनगटं असं जोडलं आणि मधला माझा हात पुसला. एवढं अवघडून बसले, पाठीला रग लागली, आणि फोटोत माझं नखही नाही. ज्या हातानं धरलं त्यालाच हाकललं! मी म्हटलं, निदान एक बोट तरी ठेव. म्हणाली, आजी, लोकांना बाळ बघायचं असतं.

असो. आमचं हे बाळ असं आहे. तुझा पणतू मात्र अजून मान टाकून झोपतो, असं तूच लिहिलंस. तुझ्या नातसुनेला म्हणावं, जरा शिकवा त्याला काहीतरी. तुमच्याकडे सगळ्यांनाच मान वर करायला उशीर होतो. तुझं डोकं एका बाजूनं चपटं आहे आणि लहानपणी तुला मीच घेऊन फिरायचे हे खरं, पण तेव्हा फोटो काढायला कुणी नव्हतं म्हणून मी सुटले.

लोभ आहे तेवढाच राहू दे. वाढवलास तर मलाही वाढवावा लागेल, आणि या वयात ते झेपायचं नाही.

तुझी ताई


ता. २१ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या फोटोनं आमच्या घराची पार दशा केली. आधी हे सांगते की बाळ बरं आहे, म्हणजे पुढचं वाचताना छातीवर हात ठेवून बसणार नाहीस.

तुझं पत्र आलं की मी ते जेवताना सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवते, तुला माहीतच आहे. सगळं नाही वाचत. तुझी रडगाणी गाळते, टोमणे तेवढे वाचते, कारण टोमणे तुला चांगले जमतात. तर त्या दिवशी हाताचं रडगाणं लांबलंय असं बघून मी तो भाग सोडला आणि थेट "जरा शिकवा त्याला" इथे आले. सगळे हसले. नातसूनही हसली. फोटो मी फ्रिजवर लावला.

दोन दिवसांनी दुपारी घरात ती आणि बाळच होतं. तिनं पलंगावर रजईची घडी घातली आणि त्यावर बाळाला तसंच बसवलं. कोपरं टेकवली, तळहातांवर हनुवटी ठेवली. धरून ठेवलं तोवर बसलं. मग फोन घ्यायला तिनं हात काढला. बाळाचं तोंड सरळ रजईत गेलं, आणि आवाज म्हणून नाही. ही फोनमध्ये बघत होती, तिला वाटलं, छान स्थिरावलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, फोन टाकून तिनं त्याला उचललं. लगेच रडलंसुद्धा नाही गं. जरा वेळानं रडलं. मी दारातून आत येत होते. ते रडणं ऐकलं आणि हिचा चेहरा बघितला.

डॉक्टरांनी छाती तपासली, मान तपासली, सगळं ठीक आहे म्हणाले. मग तिला बोलले, बोलायला हवंच होतं. पण घरी येऊन माझा नातू तिला जे बोलला ते मी लिहिणार नाही. तेव्हापासून ती बाळाला उचलत नाही. पाजते, तेही मी शेजारी बसून डोकं धरलं तर. अंघोळ मी घालते, झोपवते मी. बाळ दिवसभर माझ्या खांद्यावर असतं. मी आहे म्हणून निभतंय.

काल तुझं पत्र पुन्हा काढलं आणि गाळलेला भाग वाचला. हात पुसल्याचं सगळं तिथेच होतं. तिला अजून सांगितलेलं नाही. सांगू तरी काय? टोमणा तुझा, गाळणं माझं, आणि बोलणी तिनं खाल्ली? तूच सांग काय करू. पण तुझ्या नातीला एवढं नक्की विचार, लोकांनी फोटो बघून काय समजायचं?

लोभ असावा. सध्या मला त्याची गरज आहे.

तुझी धाकटी


ता. २४ जानेवारी

ती. मोठ्या आजींस सा. न. वि. वि.

हे पत्र घरात कुणाला न सांगता लिहिते आहे, राग मानू नका. आमच्याकडे काय झालं ते आजींनी तुम्हाला कळवलंच असेल. माझी बाजू मांडायला लिहीत नाही, मला बाजू नाही.

मला एकच विचारायचं आहे. त्या बेकरीवाल्यांच्या बाळाच्या आईनं नेमकं काय केलं? तिचं बाळ कसं बसलं? आमचंही तेवढ्याच दिवसांचं होतं. मी फोटो समोर ठेवून सगळं तसंच केलं होतं, कोपर, बोटं, मान, सगळं. तिला जमलं आणि मला जमलं नाही, म्हणजे माझ्याच हातात काही तरी कमी असणार. आता बाळाला उचलायला गेले की हात थरथरतात. मग मीच म्हणते, आजींकडेच राहू दे, तिथे ते सुखरूप आहे.

तिनं काय केलं तेवढं सांगा. पुन्हा असं काही करण्यासाठी विचारत नाही. फक्त माझं कुठे चुकलं ते कळावं म्हणून.

तुमचे आशीर्वाद असू द्यावेत.

तुमची नातसून


ता. ३० जानेवारी

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

बेकरीवाल्याच्या बायकोनं काय केलं म्हणून विचारतेस, तर ऐक. काहीही केलं नाही. ती खोलीतल्या सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपली होती. घोरतही होती, पण ते तिच्या घरी कळवू नकोस.

ते बाळ बसलेलं नव्हतंच. मी बसले होते. माझी बोटं त्याच्या डोक्यावर होती आणि मनगटांवर होती, आणि नातीनं दोन फोटो जोडून ती पुसली. त्या वयाचं कुणाचंच बाळ तसं बसत नाही. राजाचं नाही, डॉक्टरचंही नाही. या पाकिटात दुसरा फोटो घातलाय तो बघ. तोच दिवस, तेच बाळ, फक्त न पुसलेला. डोक्यावर जो भाजलेल्या वांग्यासारखा सुरकुतलेला ऐवज दिसतोय तो माझा हात आहे. घाबरू नकोस, मीही घाबरले होते.

हे सगळं मी माझ्या पत्रात लिहिलं होतं. तुझ्यापर्यंत ते पोचलं नाही, कारण तुझी आजेसासू पत्रातलं निवडून निवडून वाचते. तुझ्यापर्यंत पोचला तो माझा टोमणा. "जरा शिकवा त्याला." जन्मून महिना न झालेल्या पोराला मी मान धरायला शिकवायला निघाले! चार यत्ताही धड न शिकलेली बाई लोकांना शाळा सांगते ती अशी. तो टोमणा तुला मारलेलाच नव्हता. तो माझ्या बहिणीला होता. आम्ही दोघी लहान असल्यापासून एकमेकींवर असलं काहीबाही फेकत आलोय आणि दोघींनाही ते चुकवायची सवय आहे. मध्ये तू उभी असशील हे डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात तशीही जागा कमीच.

तुझं पत्र मी नातीला वाचून दाखवलं. न गाळता सगळं वाचलं.  तिनं उठून भिंतीवर लावलेला त्याच बाळाचा पुसलेला मोठा फोटो उतरवला. त्याच्या जागी आता हात असलेला लावलाय, तेवढाच मोठा. खाली तिनं लिहिलंय की इथे प्रत्येक बाळाला एक हात असतोच, कुठे दिसतो, कुठे दिसत नाही. आता पुसलेला फोटो आई-बापाच्या हातात देताना ती न पुसलेला सोबत देते, आणि हे घरी करू नका म्हणून तोंडानं बजावते. तोंडानं बजावायला तिला आवडतं, त्यामुळे तो भाग सोपा गेला.

आता माझी फजिती सांगते. फोटोत हात हवा म्हणून मीच इतकी भांडले होते. ते काही कुणाच्या बाळाच्या काळजीनं नव्हे, ऐटीपायी. तर आता हात मिळाला, भिंतभर मिळाला. एकेक शीर दिसते. करंगळी वाकडी आहे हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. परवा एक बाई बाळाला घेऊन आल्या, बघतच राहिल्या आणि म्हणाल्या, कुणाचा हो हा हात? मी दोन्ही हात पाठीमागे लपवून उभी राहिले, चोरासारखी. नात म्हणाली, आमच्या आजीचा. बाई म्हणाल्या, बरं झालं, मला वाटलं काही शोभेचं लाकूडबिकूड आहे.

त्याच बाईंना बाळ झोळीत घालून फांदीला टांगलेलं हवं होतं. कुठेतरी बघितलं होतं म्हणे. नातीनं सांगितलं, टांगणार नाही. झोळी गादीवरच राहील, बाळ गादीवर राहील आणि आजी शेजारी राहील. फांदी हवी तर तिचा वेगळा फोटो काढून देते. बाई जरा रुसल्या. मग बाळानंच गादी, झोळी आणि माझी बाही एकदम ओली करून तो विषय संपवला.

तू म्हणतेस तुझ्या हातात काही कमी आहे. माझ्या हाताचं ऐक. मागच्या आठवड्यात दुपारी खोली ऊबदार होती, बाळ गाढ झोपलेलं, आणि माझेही डोळे मिटले. हात होता बाळावर, पण मी नव्हते. नातीनं कॅमेरा खाली ठेवला, बाळ स्वतः उचललं आणि त्या दिवसाचं काम तिथेच बंद केलं. मी म्हटलं, अगं, हात काढला नव्हता मी. ती म्हणाली, झोपलेल्या माणसाचा हात म्हणजे नुसतं वजन, ते बाळावर ठेवायचं नसतं. तेव्हापासून मला फक्त सकाळचं काम. जेवणानंतर मला बाळाजवळ फिरकू देत नाही. अपमान झाला खरा, पण झोप छान होते.

सांगायचं काय, तर हात कुणाचाच पक्का नसतो. माझाही नाही. म्हणून तर एवढे नियम लागतात. रजईत तोंड गेलं तेव्हा हात काढणारी तू होतीस, आणि तो फोन टाकून पोराला उचलणारीही तूच होतीस. तिथे डॉक्टर नव्हते, तुझा नवरा नव्हता, धाकटी दारात पोचायची होती. नवऱ्याला हे एकदा वाचून दाखव. गाळू नकोस.

आता काय करायचं ते सांगते, जे नात इथे येणाऱ्या प्रत्येक आईला सांगते. फोटो काढायचा तर बाळ पाठीवर झोपलेलं असताना काढ, सपाट घट्ट गादीवर, रजई-उशा दूर. किंवा दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर असताना. नुसतं पडलेलं बाळ चांगलं दिसतं. त्याला कारकून करायची गरज नाही. आणि उचलताना एक हात मानेखाली, एक बुडाखाली. हात थरथरत असेल तर पलंगावर बस, तिथे बसून उचल. थरथरणारा हातही खाली असला की पुरतो.

भिऊ नकोस असं मी म्हणणार नाही. थोडी भीती बरी असते. पण भिऊन पोर दुसऱ्याच्या खांद्यावर टाकू नकोस.

तुझी मोठी आजी


त्याच पाकिटात, त्याच दिवशी

चि. धाकटीस आशीर्वाद, पण या वेळी मोजकेच.

सूनबाईचं पाकीट तू आधी फोडलं असशील हे मला ठाऊक आहे. फोडलंस तर फोडलंस, आता ते तिच्या हातात दे, आणि जेवताना मोठ्यानं वाचायला लाव. गाळलं कुणी हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं काम तुझं. टोमणा कुणाचा हे मी आधीच कबूल केलंय, म्हणजे माझं नाक कापून झालं, आता तुझी पाळी. तुझं नाक तसंही मोठं आहे, थोडं गेलं तर दिसेल बरं.

मी आहे म्हणून निभतंय, असं लिहिलंस. वाचून मला आमची बाई आठवली, जी उशी म्हणून बसवली गेली आणि स्वतःला मालकीण समजू लागली. म्हणजे मीच. तुला आता बाळाची सवय लागलीय धाकटे, आणि तिच्या भीतीवर तुझी हौस भागतेय. चिडू नकोस, तुझ्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, आणि तू मला असंच पत्र लिहिलं असतंस, फक्त अशुद्ध.

दिवसभर एकाच खांद्यावर ठेवलंस तर त्याचं डोकं तुझ्यासारखं होईल. खांदा बदल. तुझ्याच दुसऱ्या खांद्यावर नव्हे, तिच्या. पहिल्या दिवशी ती पलंगावर बसेल, तू शेजारी बस आणि तिच्या हाताखाली हात धर. मग हळूच काढून घे. तिला सांगून काढ, पुसल्यासारखा काढू नकोस.

फ्रिजवरचा फोटो उतरव आणि त्या जागी माझा वांग्यासारखा हात लाव. भूक कमी होईल घरातल्यांची, ते एक सोसा.

लोभाचं काय ते आपण नंतर बघू. तो कुठे जात नाही.

आणि या पत्राचं उत्तर तू द्यायचं नाहीस. नातवानंही नाही. ते सूनबाईनं लिहायचं, बाळाला मांडीवर घेऊन, एका हातानं. रेघा वाकड्या आल्या, कागद सरकला, मध्येच डाग पडला तरी चालेल. अक्षर बघून मला कळेल दुसरा हात कुठे आहे ते.

ताई